चौथा रकाना

त्या सभागृहाच्या तळमजल्यावर, मुख्य दारातून आत शिरताच उजव्या हाताला, काचेच्या दोन खिडक्या आहेत. पहिल्या खिडकीमागे ताई बसतात. त्यांच्या सदतीस वर्षांच्या नोकरीत देशोदेशींचे मंत्री, वकील, शास्त्रज्ञ आणि त्यांच्या बॅगा वाहणारे सचिव या खिडकीपुढे वाकून उभे राहत आले आहेत. वाकून, कारण काचेतले बोलण्याचे छिद्र जरा खालच्या अंगाला आहे, आणि मोठ्यातल्या मोठ्या माणसालाही तेथे मान लववल्याखेरीज आपले नाव सांगता येत नाही. दर दोन-तीन वर्षांनी सुतार येतो आणि छिद्र वीतभर वर घेऊ का, असे विचारतो. ताई म्हणतात, असू दे, कोणाची काही तक्रार नाही.

त्यांचे काम सांगायला अगदी सोपे आहे. परिषदेला आलेल्या प्रत्येकाची वहीत नोंद करायची, ओळखपत्र छापून प्लास्टिकमध्ये बंद करायचे आणि त्याला योग्य रंगाची फीत लावून द्यायची. देशाच्या शिष्टमंडळातला असेल त्याला निळी फीत, नुसता निरीक्षक असेल त्याला पिवळी. निळ्या फितीला सगळी दारे उघडतात; मसुद्यातले एकेक वाक्य जेथे घासूनपुसून ठरवले जाते, त्या बंद खोलीचेही. पिवळ्या फितीने सज्जात बसावे, ऐकावे आणि तोंड मिटून घ्यावे.

वहीच्या प्रत्येक ओळीत चार रकाने असतात. नाव, देश, हुद्दा, आणि चौथा, ‘कोणातर्फे’. म्हणजे या माणसाचे वेतन कोण देते आणि त्याला येथे कोणी धाडले. ताई बाविसाव्या वर्षी या कचेरीत लागल्या तेव्हा थोरले कारकून म्हणून एक वयोवृद्ध गृहस्थ पहिल्या खिडकीत बसत. त्यांनी ताईंना अक्षर वळवायला शिकवले, परकी नावे तोंडात घोळवून मग लिहायला शिकवले, आणि चौथ्या रकान्याचे व्रत दिले. व्रतच म्हणायचे, कारण त्यात सूट नव्हती. तो रकाना कधी मोकळा सोडायचा नाही. पाहुण्याने उत्तर दिले तर ते लिहायचे. नाही दिले तर तांबड्या शाईने आडवी रेघ मारायची, तिच्यावर बारीक अक्षरात ‘विचारले, सांगितले नाही’ असे लिहायचे आणि आपली आद्याक्षरे टाकायची. रेघ म्हणजे आरोप नव्हे, असे थोरले कारकून बजावीत. न सांगण्याचा पाहुण्याला हक्क आहे. मोकळा रकाना मात्र कारकुनाचा अपराध, कारण पुढे पाहणाऱ्याला कळत नाही की पाहुणा गप्प बसला की कारकून झोपला.

आणखी एक जुना नियम होता. परिषद चालू असेपर्यंत रोज दुपारी तीन ते चार ही वही पडवीतल्या लाकडी घोडीवर उघडी ठेवायची. कोणत्याही शिष्टमंडळाने यावे आणि पाने चाळावीत. पण येतो कोण? वार्ताहरांना ती रुक्ष वाटते, मुत्सद्द्यांना वेळ नसतो. शिपाई तेवढे घोडीच्या कडेवर चहाचा कप टेकवतात आणि ताईंची नजर पडली की गुपचूप उचलतात.

या व्रताचा ताईंच्या हातून एकदाच भंग झाला. नोकरीचे चौथे वर्ष होते. त्या दिवशी त्यांना ताप होता, रांग दारापर्यंत गेली होती. एक मृदुभाषी वकील खिडकीशी आले, ताईंचा चेहरा पाहून परत फिरले आणि स्वतः जाऊन पाण्याचा पेला भरून घेऊन आले. एवढ्या भल्या माणसाला ‘तुम्हाला पगार कोण देतो’ असे विचारायला ताईंची जीभ रेटेना. त्यांनी तीन रकाने भरले आणि निळी फीत दिली. अकरा दिवसांनी मसुद्यातले एक कलम दात काढलेल्या वाघासारखे होऊन बाहेर आले, आणि मग कळले की तो सज्जन कोळसा कंपन्यांच्या संघाचा वकील होता. एका देशाच्या पाटीमागे बसून त्याने ते दात एकेक करून उपटले होते. ताईंना कोणी बोल लावला नाही. थोरल्या कारकुनांनी फक्त वही उघडून त्या मोकळ्या चौकोनावर बोट ठेवले आणि तांबडे पेन पुढे केले. ताईंनी रेघ मारली. पण वर काय लिहायचे? ‘विचारले, सांगितले नाही’ हे खोटे झाले असते. शेवटी त्यांनी लिहिले, ‘मी विचारले नाही.’ ती वही आजही पोलादी कपाटात, खालून चौथ्या फळीवर आहे.

यंदा हवामानबदलाच्या वाटाघाटी या सभागृहात भरणार असे ठरले. जमिनीतून काढलेले इंधन जाळणे जगाने केव्हा आणि किती वेगाने थांबवावे, हा त्यातला कळीचा प्रश्न. तयारीला म्हणून नवे संगणक आले, आणि त्यांच्या मागोमाग सभागृहाचे संचालक स्वतः तळमजल्यावर आले. तरुण, सुस्वभावी गृहस्थ. त्यांनी गोड शब्दांत समजावले की नव्या अर्जात चौथा रकाना ऐच्छिक केला आहे. पाहुण्याला उंबऱ्यावरच तुझा धनी कोण असे विचारणे शोभत नाही, वरूनही तसे सुचवण्यात आले आहे.

ताईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. “संगणकात तुम्ही म्हणाल तसं, साहेब. वहीचा नियम वेगळा आहे. तो बदलायचा असेल तर लेखी द्या, मी आजपासून बदलते.”

संचालक हसले, टेबलावर दोन बोटांनी ताल धरला आणि वर निघून गेले. लेखी काही आले नाही. येणार नाही हे ताईंना ठाऊक होते. असली गोष्ट सुचवायला फारसे लागत नाही. तिच्याखाली सही करायची म्हटली की मात्र हात आखडतो.

संकट आले ते वरच्या मजल्यावरून नव्हे, घरातून आले.

ताईंचे जावई वकील. जमिनीखालून तेल आणि वायू काढणाऱ्या एका बड्या कंपनीत नोकरीला. माणूस सोन्यासारखा. दोन वर्षांपूर्वी ताईंच्या यजमानांचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा सहा आठवडे रोज सकाळी येऊन जावयाने त्यांना अंघोळ घातली होती, पोटच्या मुलाने घालावी तशी. यजमान निवृत्त वीजतंत्री. तेव्हापासून काठी घेऊन चालतात आणि चालणे कमी झाले तेवढे बोलणे वाढले, असे लेक म्हणते.

परिषदेच्या आदल्या रविवारी लेक-जावई आले. बोलता बोलता जावई म्हणाले की तेही परिषदेला असणार आहेत. एका चिमुकल्या द्वीपराष्ट्राचे कायदा सल्लागार म्हणून. त्या बेटांवर समुद्र दरसाल थोडाथोडा आत सरकतो आहे, एक शाळा तर त्याने गिळलीच. शिष्टमंडळ अवघ्या तिघांचे, वकील कोणी नाही. कंपनीने त्यांच्या राजधानीतल्या खात्याशी बोलून एक वकील देऊ केला, तो हा. वेतन कंपनीचेच. यात त्या बिचाऱ्यांचेही भले आहे आणि कंपनीचेही, दोन्ही बाजू सांभाळता येतील, असे ते अगदी मनापासून म्हणाले.

“जावईबापू,” यजमान काठीवर हनुवटी टेकवून म्हणाले, “दोन बायकांच्या दादल्यालासुद्धा एवढी खात्री नसते हो.”

सगळे हसले. जावईही हसले. पण नंतर ताई कप विसळत असताना ते फडके घेऊन शेजारी उभे राहिले आणि त्यांनी हलक्या आवाजात विषय काढला. चौथा रकाना आता ऐच्छिक झाला आहे असे ऐकले. तेव्हा वहीतही तो तसाच राहू दिला तर बरे. उगीच नावाचा बभ्रा नको.

ताईंनी नळ बंद केला. हात पुसले. ज्या हातांनी यांना न्हाऊ घातले तेच हात आता कप पुसत आहेत, हे त्यांच्या मनात आल्यावाचून राहिले नाही. क्षणभर तो जुना पाण्याचा पेलाही डोळ्यांपुढे आला.

“तुम्ही माझ्या खिडकीत येऊ नका,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या खिडकीत जा.”

जावयांना वाटले, काम झाले. जाताना ते दोनदा वाकून नमस्कार करून गेले.

दुसऱ्या खिडकीमागे एक गृहस्थ एकोणीस वर्षे बसतात. सबंध इमारतीत त्यांना ‘दुसरी खिडकी’ याच नावाने ओळखतात. ‘दुसरी खिडकी आज रजेवर आहे’, ‘दुसऱ्या खिडकीला सर्दी झाली’, असे बोलले जाते आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. सोमवारी सकाळी दारे उघडण्याआधी ताईंनी कचेरीच्या कामकाजाच्या रोजवहीत दोन ओळी लिहिल्या आणि ती त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचले, ताईंकडे पाहिले, आणि तांबड्या पेनाचे टोपण काढून ठेवले.

दहाच्या सुमारास जावई आले आणि ताईंकडे पाहून ओळखीचे हसत दुसऱ्या खिडकीशी वाकले. तीन रकाने भरून झाले.

“कोणातर्फे?”

“तो राहू द्या. आईंना विचारा ना, त्यांना माहीत आहे.”

“त्यांना विचारता येत नाही,” दुसरी खिडकी म्हणाली आणि रोजवही काचेला टेकवून धरली. ताईंच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिले होते: ‘अर्जदार माझे जावई आहेत. त्यांची नोंद मी करणार नाही, आणि तिच्याबाबत कोणाला काही सांगणारही नाही.’

जावयांनी ते दोनदा वाचले. मग म्हणाले, नाही सांगायचे. तांबडी रेघ सरळ, पट्टीने आखल्यासारखी उमटली. फीत नियमाप्रमाणे निळीच मिळाली. ती नाकारण्याचा कोणत्याच खिडकीला अधिकार नव्हता. फीत गळ्यात घालून ते निघाले तेव्हा त्यांचे कान लालभडक झालेले दिसत होते. ताई मान खाली घालून पुढच्या पाहुण्याचे लांबलचक नाव लिहीत होत्या.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिने आवाज चढवला नाही, तेच जास्त झोंबले.

“एक रकाना होता, आई. रेघ मारायला तुला घरचाच माणूस मिळाला?”

“मी नाही मारली.”

“तेच तर. तू हातसुद्धा लावला नाहीस. परका असता तरी दोन शब्द बोलली असतीस.” आणि वर, “या रविवारी आमचं जमणार नाही.”

ताईंनी फोन ठेवला. यजमानांनी दूरचित्रवाणीचा आवाज बारीक केला. या घरात त्याहून मोठी सहानुभूती कोणी कोणाला दाखवत नसे. त्या रात्री ताईंनी आपल्याला उलटसुलट तपासून पाहिले. लेक दुरावली तर साठीच्या उंबऱ्यावर त्यांच्यापाशी उरणार काय, तर सदतीस वह्या आणि त्यांतली एक रेघ. तरीही आपण केले ते चुकले असे त्यांना कोठूनही दिसेना. त्यांनी जावयाला अडवले नव्हते, त्याचे नाव सांगितले नव्हते, त्याच्याविरुद्ध शब्द उच्चारला नव्हता. त्या फक्त बाजूला झाल्या होत्या. तेवढ्यानेच जर घर हलत असेल, तर हलू दे. पडणार नाही, असे त्यांचे मन म्हणाले आणि त्यांना झोप लागली.

गुरुवारी दुपारी साडेतीनला त्या द्वीपराष्ट्राच्या प्रमुख तळमजल्यावर आल्या. बाई मूळच्या मुख्याध्यापिका. समुद्राने गिळलेली शाळा त्यांचीच. ओळखपत्राचा चाप निखळला होता. दुसरी खिडकी चहाला गेली होती आणि ताईंपुढे दोघे उभे होते, म्हणून बाई पडवीत घोडीपाशी थांबल्या आणि वही चाळू लागल्या. बत्तीस वर्षे हजेरीपट तपासलेली नजर ती. तिला नावे नंतर दिसतात, गैरहजेरी आधी दिसते. स्वतःच्या देशाच्या ओळींपाशी ती थबकली. चौथ्या रकान्यात सरकारी शाळा, मच्छीमार संघ, हवामान कार्यालय. आणि त्याखाली तांबडी रेघ.

त्या खिडकीशी आल्या, वाकल्या. “ही रेघ कशाची?”

“विचारलं होतं, सांगितलं नाही.”

“मला तर राजधानीतून कळवलं होतं की एका वकिली कचेरीनं त्यांना पाठवलंय.” बाईंनी आवाज उतरवला. मसुद्यात इंधनाचा वापर थांबवण्याच्या वाक्यात ‘शक्यतोवर’ हा शब्द घालायचा घाट होता. तो स्वीकारा, म्हणजे आणखी देश तुमच्या बाजूला येतील, असा त्या सल्लागाराचा सल्ला होता, आणि उद्या सकाळी बंद खोलीत बाई होकार देणार होत्या. “तुम्ही इथं इतकी वर्षं आहात. ते कोणाकडून आलेत, तुम्हाला माहीत असेल.”

ताईंना माहीत होते. जिभेच्या टोकावर होते. कंपनीचे नाव उच्चारायला एक श्वास पुरला असता, आणि तो श्वास सत्याचाच ठरला असता. पण त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिले होते, आणि कारकुनाने माणूस पाहून नियम वाकवला की काय होते हे त्यांनी सव्विसाव्या वर्षी पाहिले होते.

“त्यांच्याबद्दल मी बोलणार नाही, बाई. ते माझे जावई आहेत.”

मुख्याध्यापिकांनी आधी ताईंकडे पाहिले, मग पडवीतल्या घोडीवरच्या वहीकडे. “जावई तुमचे, आणि तरी रेघ तांबडी?”

“आमच्याकडे रेघेला एकच रंग आहे. पण त्यांना विचारायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. सल्ला तुम्ही घेताय.” एवढे बोलून ताईंनी नवा चाप बसवला, दोनदा ओढून पाहिला आणि ओळखपत्र परत केले.

पुढचे सगळे जिन्यापाशी घडले. ताईंना ते ऐकू आले नाही, पण चहाहून परतणारी दुसरी खिडकी नेमकी तेथेच होती, आणि एकोणीस वर्षांत तिला एवढे सांगण्यासारखे कधी मिळाले नव्हते. बाईंनी आपल्या दोन्ही सहकाऱ्यांना शेजारी उभे केले होते आणि सल्लागाराला विचारले होते, अगदी वर्गात विचारावे तसे: “उद्या मी ‘शक्यतोवर’ म्हणावं, असं मला नक्की कोण सांगतंय?” सल्लागार कठड्यावरून हात फिरवीत राहिले. मग त्यांनी कंपनीचे नाव सांगितले. बाई रागावल्या नाहीत. आभार मानून म्हणाल्या, “मग तेवढं खाली जाऊन लिहून या.”

जावई खाली आले ते थेट पहिल्या खिडकीशी. ते वाकले. 

“आई...”

“दुसरी खिडकी, जावईबापू.”

ते गेले. जुनी रेघ खोडता येत नाही. तिच्याखाली तारीख घालून नवी ओळ लिहावी लागते. त्यांनी ती स्वतःच्या हाताने लिहिली. देशाच्या रकान्यात काही नाही, हुद्दा निरीक्षक, कोणातर्फे या रकान्यात कंपनीचे पूर्ण नाव. निळी फीत काढून ठेवली, पिवळी घेतली आणि पुन्हा ताईंपुढे येऊन वाकले. कंपनीला कळवले आहे, म्हणाले. तिकडून काय येईल सांगता येत नाही. मग जे खरे सलत होते ते बाहेर पडले.

“तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तुम्हीच बाईंना सांगून मोकळ्या झाल्या असत्या तर मला निदान चिडता तरी आलं असतं.”

“मग ते माझं सांगणं झालं असतं,” ताई म्हणाल्या. “आज तुम्ही सांगितलंत.”

पाठीमागची रांग खोकली. ताईंनी कपाटाची किल्ली काढली, खालून चौथ्या फळीवरची वही दुसऱ्या खिडकीकरवी बाहेर पाठवली आणि पुढच्या माणसाला बोलावले. जावई बाकावर बसून पाने उलटू लागले. ‘मी विचारले नाही’ हे शब्द दिसले तेव्हा त्यांनी वही मांडीवर उघडी ठेवली आणि त्या तांबड्या रेघेवर बोट टेकवले. वही परत करताना त्यांनी एवढेच विचारले, हे अक्षर तुमचे का? ताई हो म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी बंद खोलीत मुख्याध्यापिकांनी ‘शक्यतोवर’ला नकार दिला. तो शब्द निघाला नाही, कंसात अडकला. कंसातला शब्द म्हणजे ज्यावर एकमत नाही असा शब्द, आणि तो आता पुढच्या बैठकीपर्यंत तसाच टांगलेला राहणार. पण संमत होऊन बाहेर पडला नाही, हे थोडके नव्हे. दुपारी तीन वाजता घोडीपाशी चौघे उभे होते, सोमवारी अकरा जण. शिपायांना चहाचे कप ठेवायला दुसरी जागा शोधावी लागली. संचालकांनी पुन्हा एकदा तळमजल्यावर येऊन टेबलावर ताल धरला आणि सांगितले की पुढच्या परिषदेच्या अर्जात चौथा रकाना सक्तीचा असेल, न सांगणाऱ्यासाठी रेघेची सोय संगणकातही होईल. ताई म्हणाल्या, लेखी द्या. या वेळी दिले.

कंपनीने जावयांना परिषदांच्या कामातून काढून दप्तरखान्यात बसवले. तेथे निदान पंखा बरा आहे, एवढेच ते म्हणाले. एक रविवार कोरडा गेला. दुसऱ्या रविवारी दाराची घंटा वाजली. यजमान काठी टेकत गेले, दार उघडले आणि काठी आडवी धरून उंबऱ्यातच उभे राहिले.

“नावं माहीत आहेत,” ते म्हणाले. “कोणातर्फे?”

“बाबा, मी माझ्यातर्फे आलेय,” लेक त्यांच्या काठीखालून आत शिरत म्हणाली. “यांचं यांना विचारा.”

जावई आधी वाकून बूट काढू लागले. यजमान काठी तशीच आडवी धरून थांबले. घाई कोणालाच नव्हती. लेक स्वयंपाकघरात आली, ताईंकडे न पाहता तिने फळीवरून दोन कप काढले, क्षणभर थांबली आणि आणखी दोन काढले.

“साखर कुठे ठेवलीस?” तिने विचारले.

“जिथं असते तिथंच,” ताई म्हणाल्या.